चारित्र्य की व्यक्तिमत्त्व? : आत्मोन्नतिपर ग्रंथांतील एका निवडीचा इतिहास

१

आत्मोन्नतिपर ग्रंथांचा विचार साहित्यसमीक्षेने फारसा केलेला नाही. या ग्रंथांचा खप मोठा, शैली प्रचारकी आणि दावा वाङ्मयीन नव्हे तर व्यावहारिक. त्यामुळे त्यांचा विषय समाजशास्त्राकडे सोपवून समीक्षा मोकळी झालेली दिसते. परंतु या ग्रंथांकडे वाचक ज्या गरजेने येतो, ती गरज गंभीर आहे. आपले आयुष्य आपल्याला हवे तसे घडत नाही, ते कसे घडवावे, हा प्रश्न घेऊन तो आलेला असतो. एका मुद्रित संहितेने आपल्या जगण्यात हस्तक्षेप करावा, अशी इतकी उघड मागणी अन्य कोणत्याही वाङ्मयप्रकाराकडे क्वचितच केली जाते. वाचन आणि जीवन यांच्या संबंधाचा विचार करणाऱ्या समीक्षेला हा प्रकार टाळून पुढे जाता येणार नाही.

ग्रंथविक्रेत्याच्या दुकानात अशा पुस्तकांसमोर उभ्या राहिलेल्या वाचकाला दोन परस्परविरोधी मार्ग दिसतात. एका प्रकारचे पुस्तक त्याला सांगते की, आधी अंतरंग घडवा. निष्ठा, संयम, उद्योगशीलता हे गुण अंगी बाणले की यश आपोआप येईल. दुसऱ्या प्रकारचे पुस्तक सांगते की, माणसांशी वागण्याची रीत शिका. हसतमुख राहा, दुसऱ्याचे नाव लक्षात ठेवा, वाद टाळा. पहिल्या मार्गाला चारित्र्याचा आणि दुसऱ्याला व्यक्तिमत्त्वाचा मार्ग म्हणण्याची प्रथा आहे. पहिला खोल आणि दुसरा उथळ, पहिला नैतिक आणि दुसरा व्यवहारी, असे मूल्यमापनही या नावांतच गृहीत धरलेले असते. डेल कार्नेगी यांचे पुस्तक घ्यावे की स्टीफन कवी यांचे, ही निवड मग पुस्तकांची न राहता वाचकाच्या नैतिक प्रतीचीच कसोटी होऊन बसते.

या विभागणीचा इतिहास तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. चारित्र्य आणि व्यक्तिमत्त्व यांतील सीमारेषा या ग्रंथांच्या इतिहासात वाटते तितकी स्पष्ट नाही. शिवाय या रेषेकडे लक्ष वेधल्यामुळे दुसरी एक अधिक महत्त्वाची गोष्ट नजरेआड झाली आहे. या परंपरेतील प्रमुख ग्रंथ एकाकी वाचकासाठी लिहिलेले दिसत असले, तरी त्यांचा उगम माणसांच्या मंडळांत, वर्गांत आणि बैठकांत झाला आहे. ते मंडळ ग्रंथात येताना कसे विरत गेले, हे पाहिल्याशिवाय या ग्रंथांतील निवडीचा प्रश्न नीट मांडता येणार नाही.

२

चारित्र्य विरुद्ध व्यक्तिमत्त्व ही मांडणी सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोचली ती प्रामुख्याने कवी यांच्या 'द सेव्हन हॅबिट्स ऑफ हायली इफेक्टिव्ह पीपल' (१९८९) या ग्रंथामुळे. चारित्र्यनीतीची पुनःस्थापना असे या ग्रंथाचे मूळ उपशीर्षक होते. १७७६ पासून अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या यशोवाङ्मयाचा आपण अभ्यास केला, असे लेखक आरंभीच सांगतो. पहिली सुमारे दीडशे वर्षे हे वाङ्मय चारित्र्यावर आधारलेले होते आणि पहिल्या महायुद्धानंतर त्याची जागा व्यक्तिमत्त्वाच्या तंत्रांनी घेतली, असा त्याचा निष्कर्ष आहे. चारित्र्यनीतीचे उदाहरण म्हणून तो बेंजामिन फ्रँकलिन यांच्या आत्मचरित्राकडे बोट दाखवतो.

या निष्कर्षाला इतिहासलेखनात आधार नाही असे नव्हे. वॉरन ससमन या अमेरिकन इतिहासकाराने १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात, विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत चारित्र्याच्या संस्कृतीकडून व्यक्तिमत्त्वाच्या संस्कृतीकडे संक्रमण झाले, असे प्रतिपादन केले आहे. ओरिसन स्वेट मार्डेन या एकाच लेखकाची दोन पुस्तके ससमन समोरासमोर ठेवतो. १८९९ च्या पुस्तकात मार्डेन चारित्र्याला जगातील सर्वश्रेष्ठ गोष्ट ठरवतो, तर १९२१ च्या पुस्तकात तो प्रभावी व्यक्तिमत्त्वाचे गुणगान करतो. उत्पादनाकडून उपभोगाकडे, कर्तव्याकडून आत्माविष्काराकडे सरकणाऱ्या समाजाचे हे चिन्ह आहे, असे ससमनचे म्हणणे आहे.

तथापि ससमन आणि कवी यांच्या मांडणीत एक मूलभूत भेद आहे. ससमन संक्रमणाचे वर्णन करतो. कवी अध:पतनाची कथा सांगतो. पूर्वी सारे मुळाशी निगडित होते, मध्ये भ्रष्टता आली, आता मूळ सत्याकडे परतले पाहिजे, अशी या कथेची त्रिपदी रचना आहे. धर्मसुधारणेच्या वाङ्मयात ही रचना परिचित आहे. इतिहास येथे युक्तिवादाचे साधन बनतो. प्रतिस्पर्धी ग्रंथांना एका पतनकाळात ढकलून प्रस्तुत ग्रंथाला पुनरुद्धाराचे स्थान मिळवून दिले जाते. वाचकाला जी निवड तटस्थ वाटते, ती अशी एका पक्षाने आखून दिलेली आहे.

३

फ्रँकलिन यांच्या आत्मचरित्राचा पुरावा या संदर्भात बारकाईने पाहण्याजोगा आहे. १७८४ मध्ये लिहिलेल्या दुसऱ्या भागात फ्रँकलिन आपल्या नैतिक परिपूर्णतेच्या प्रयोगाची हकीकत सांगतात. त्यांनी तेरा सद्गुणांची यादी केली, एका लहान वहीत आठवड्याच्या सात वारांचे रकाने आखले आणि ज्या दिवशी ज्या गुणाबाबत चूक झाली, तेथे काळा ठिपका दिला. दर आठवड्याला एका गुणाकडे विशेष लक्ष दिल्यास तेरा आठवड्यांत एक आवर्तन पुरे होते आणि वर्षात अशी चार आवर्तने करता येतात, असा हिशेब त्यांनी मांडला. व्यापाऱ्याच्या खतावणीचे रूप येथे आत्मपरीक्षणाने घेतले आहे. माक्स वेबर यांनी भांडवलशाहीच्या वृत्तीचे प्रातिनिधिक उदाहरण म्हणून फ्रँकलिन यांच्या तरुण व्यापाऱ्याला केलेल्या उपदेशाची निवड केली, ती अकारण नव्हे.

परंतु याच प्रकरणात चारित्र्यनीतीच्या सिद्धान्ताला अडचणीत आणणारा कबुलीजबाब आहे. मूळ यादीत बाराच गुण होते. फ्रँकलिन गर्विष्ठ समजले जातात, असे एका क्वेकर मित्राने लक्षात आणून दिल्यावर त्यांनी विनय हा तेरावा गुण जोडला. त्यावर ते स्वतःच नोंदवतात की, या गुणाचे वास्तव रूप आपल्याला फारसे साधले नाही, मात्र त्याचा आभास बऱ्यापैकी साधला. ठाम विधाने टाळून सौम्य शब्दांत मत मांडण्याची सवय त्यांनी लावून घेतली आणि तिचा सार्वजनिक कार्यात पुष्कळ उपयोग झाला, असेही ते सांगतात. मुद्रणालयासाठी विकत घेतलेला कागद स्वतः हातगाडीवर घालून रस्त्याने नेण्यामागचे कारणही ते लपवत नाहीत. उद्योगी असणे पुरेसे नव्हते; उद्योगी दिसणेही आवश्यक होते. चारित्र्याच्या परंपरेचा आद्यग्रंथ मानल्या गेलेल्या या संहितेत व्यक्तिमत्त्वाचे सारे तंत्र, तेही मिस्कील प्रांजळपणे, आधीच उपस्थित आहे. शुद्ध आरंभ आणि नंतरचे पतन ही कथा तिच्या स्वतःच्या आधारग्रंथावरच अडखळते.

आणखी एक तपशील महत्त्वाचा आहे. तेराव्या गुणाची गरज फ्रँकलिन यांना आत्मपरीक्षणातून कळली नाही. ती मित्राने सांगितली. ज्या वहीत ठिपके पडत होते, त्या वहीत गर्वासाठी रकानाच नव्हता. १७२७ मध्ये फ्रँकलिन यांनी फिलाडेल्फियात 'जंटो' नावाचे मंडळ स्थापन केले होते. प्रामुख्याने कारागीर आणि व्यापारी असलेले हे सभासद शुक्रवारी संध्याकाळी जमत, एकमेकांना प्रश्न विचारत, निबंध वाचत. सभासदांनी आपली पुस्तके एकत्र ठेवण्याचा प्रयत्न केला आणि पुढे १७३१ मध्ये वर्गणीदारांचे ग्रंथालय उभे राहिले. आत्मचरित्रात मंडळाची हकीकत आहे, वहीचीही आहे. परंतु नंतरच्या आत्मोन्नतिपर वाङ्मयाने उचलली ती वही. मंडळ मागे राहिले.

४

सॅम्युएल स्माइल्स यांच्या 'सेल्फ-हेल्प' (१८५९) या ग्रंथाने या वाङ्मयप्रकाराला त्याचे नाव दिले. पहिल्या वर्षात त्याच्या वीस हजार प्रती खपल्या आणि १९०४ मध्ये लेखकाचा मृत्यू झाला तोवर हा आकडा अडीच लाखांच्या घरात गेला होता. नाकामुरा मासानाओ यांनी केलेला त्याचा जपानी अनुवाद १८७१ मध्ये पूर्ण झाला आणि मेजी काळातील तरुणांच्या एका पिढीने तो वाचला. हे सर्व परिचित आहे. त्या मानाने ग्रंथाच्या प्रस्तावनेकडे दुर्लक्ष झाले आहे.

प्रस्तावनेत स्माइल्स सांगतात की, उत्तर इंग्लंडमधील एका शहरात दोन-तीन गरीब तरुण हिवाळ्यातील संध्याकाळी एकमेकांना शिकवण्यासाठी जमू लागले. संख्या वाढली तशी जागा अपुरी पडली. अखेरीस त्यांनी एक कळकट दालन भाड्याने घेतले. तेथे पूर्वी तात्पुरते कॉलऱ्याचे रुग्णालय होते आणि त्यामुळे ते घ्यायला कोणी धजत नव्हते. ज्याला थोडे अधिक येत होते, त्याने कमी येणाऱ्याला शिकवायचे, अशी रीत होती. वाचन, लेखन, अंकगणित, भूगोल, पुढे रसायनशास्त्र आणि आधुनिक भाषा असे विषय तेथे शिकवले जाऊ लागले. सभासदांची संख्या शंभराच्या आसपास गेल्यावर त्यांनी स्माइल्स यांना चार शब्द बोलण्यासाठी बोलावले. ही लीड्स शहरातील १८४५ ची गोष्ट आहे. त्या वेळी स्माइल्स हे मताधिकाराच्या विस्ताराचा पुरस्कार करणारे माजी संपादक आणि सुधारणावादी कार्यकर्ते होते. ग्रंथाचे बीज त्या बोलण्यात आहे.

तेव्हा 'सेल्फ-हेल्प' या शब्दातील 'सेल्फ' आरंभी एकवचनी नव्हता. सरकार किंवा धनिक यांच्या साहाय्याची वाट न पाहता आपण आपले करू, असे म्हणणारा तो अनेकांचा 'आपण' होता. १८४५ चे व्याख्यान आणि १८५९ चा ग्रंथ यांच्या दरम्यान १८४८ ची चार्टिस्टांची मोठी याचिका अयशस्वी झाली, ती चळवळ ओसरली, आणि स्माइल्स स्वतः रेल्वे कंपनीचे चिटणीस झाले. ग्रंथ छापून आला तेव्हा मंडळ प्रस्तावनेत उरले आणि आतील प्रकरणे एकेकट्या थोरांच्या चरित्रांनी भरली.

या चरित्रांची कथनरचना मात्र आजच्या वाचकाला अनपेक्षित वाटेल अशी आहे. स्माइल्स यांचे नायक प्रायः माणसांना जिंकत नाहीत. ते द्रव्याशी झुंजतात. बर्नार पालिसी हा फ्रेंच कुंभकार पांढऱ्या झिलईच्या शोधात वर्षानुवर्षे भट्टी पेटवतो, सरपण संपल्यावर घरातील सामान आणि जमिनीच्या फळ्या भट्टीत घालतो. शेजारी त्याला वेडा ठरवतात. या प्रसंगात निर्णय देणारी शक्ती आहे ती अग्नी आणि मृत्तिका. झिलई वितळली की नाही, एवढाच प्रश्न आहे. पालिसीने शेजाऱ्यांशी गोड बोलून झिलई वितळली नसती. वस्तूचा प्रतिकार हाच येथे आत्म्याचा परीक्षक आहे आणि स्माइल्सप्रणीत चारित्र्याची खरी कसोटी या प्रतिकारापुढे टिकण्यात आहे.

या रचनेची मर्यादा समकालीनांनीही ओळखली होती. अपयशी ठरलेल्या असंख्यांची चरित्रे का लिहू नयेत, असा आक्षेप घेतला गेला. १८६६ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत स्माइल्स यांना त्याची दखल घ्यावी लागली. अपयशाची चरित्रे वाचकाला खिन्न करतील, त्यांतून शिकण्यासारखे फारसे निघणार नाही, असा त्यांच्या उत्तराचा रोख आहे. याच प्रस्तावनेत, ग्रंथाच्या नावामुळे तो स्वार्थाची स्तुती करणारा समजला गेला, ही खंत व्यक्त करून स्माइल्स सांगतात की, स्वतःला मदत करण्याच्या कर्तव्यात शेजाऱ्याची मदत अंतर्भूतच आहे. हा खुलासा प्रामाणिक आहे. परंतु तो ग्रंथाच्या बाहेरून करावा लागला. चरित्रांच्या रचनेने वाचकाला जे शिकवले होते, ते प्रस्तावनेतील एका परिच्छेदाने पुसले जाणारे नव्हते.

५

डेल कार्नेगी यांच्या 'हाऊ टु विन फ्रेंड्स अँड इन्फ्लुअन्स पीपल' (१९३६) या ग्रंथाचा उगमही वर्गातच झाला, ही गोष्ट त्याच्या टीकाकारांनी पुरेशी लक्षात घेतलेली नाही. मिसूरी राज्यातील गरीब शेतकऱ्याचा हा मुलगा काही काळ साबण, चरबी आणि डुकराचे खारवलेले मांस विकणारा फिरता विक्रेता होता. नट होण्याचा प्रयत्नही त्याने केला. १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या वाय.एम.सी.ए.मध्ये त्याने प्रौढांसाठी वक्तृत्वाचे वर्ग सुरू केले. ठरावीक वेतन द्यायला संस्था तयार नसल्याने तो मिळकतीतील वाट्यावर शिकवीत असे. ग्रंथाची जडणघडण तो स्वतःच सांगतो : प्रथम पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर काही नियम छापले, पुढच्या हंगामात मोठे कार्ड, मग पत्रक, मग पुस्तिका, आणि पंधरा वर्षांनी ग्रंथ. आठवडाभर दर तासाला कोणाकडे तरी पाहून स्मित करा आणि काय घडले ते वर्गात येऊन सांगा, असा स्वाध्याय तो विद्यार्थ्यांना देई. ग्रंथातील पुष्कळसे किस्से म्हणजे या स्वाध्यायांची वृत्ते आहेत.

स्माइल्स यांचा नायक मातीशी झुंजतो, तर कार्नेगीच्या जगात माती उरलेलीच नाही. आर्थिक यशात तांत्रिक ज्ञानाचा वाटा सुमारे १५ टक्के आणि माणसे हाताळण्याच्या कौशल्याचा ८५ टक्के, असा आकडा तो प्रास्ताविकातच देतो. या आकड्याच्या प्रामाण्याची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. त्यातून सूचित होणारे जग महत्त्वाचे आहे. विक्रेते, कारकून, व्यवस्थापक, विमा प्रतिनिधी यांच्या श्रमाचे द्रव्य माणूस हेच असते. वस्तू घडवणाऱ्याला अग्नीचा निर्णय मान्य करावा लागतो. विक्रेत्याला गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरचा निर्णय. सी. राइट मिल्स यांनी १९५१ मध्ये पांढरपेशा वर्गाच्या आपल्या अभ्यासात व्यक्तिमत्त्वाच्या बाजारपेठेचे जे वर्णन केले, त्या बाजारपेठेतील माणसांसाठी हा ग्रंथ लिहिला गेला. महामंदीच्या दशकात, जेव्हा नोकरी टिकवणे हीच अनेकांची चिंता होती, तेव्हा तो आला. त्याला उथळ म्हणताना त्याच्या वाचकाचे कामच बदलले होते, हे विसरता येत नाही.

या ग्रंथातील खरी अडचण निराळी आहे. दुसऱ्याविषयी मनापासून आस्था बाळगा, असे कार्नेगी पुनःपुन्हा बजावतो आणि खुशामत व मनःपूर्वक प्रशंसा यांत भेद करतो. परंतु ही मनःपूर्वकता एका सूचीतील क्रमांक म्हणून येते आणि तिचे समर्थन तिच्या लाभाने केले जाते. आज्ञार्थी वाक्यात मनापासून हा शब्द घातला की जो विरोध निर्माण होतो, तो ग्रंथाला सोडवता येत नाही. आर्ली हॉक्शिल्ड यांनी विमान-परिचारिकांच्या कामाचा अभ्यास करून १९८३ मध्ये भावनिक श्रमाची जी संकल्पना मांडली, तिचे सूचन येथे आढळते. स्मित हा जेव्हा कामाचा भाग होतो, तेव्हा आपले कोणते हसू आपले, हा प्रश्न कामगाराला पडतो. वर्गात या प्रश्नाला निदान वाचा फुटण्याची शक्यता होती. स्वाध्याय फसला असे सांगणारा कोणी समोर बसलेला असू शकत होता. छापताना मात्र यशस्वी वृत्तेच निवडली गेली. स्माइल्स यांच्यावरील आक्षेप येथेही तसाच लागू पडतो.

६

कवी यांचा ग्रंथ या तंत्रप्रधानतेविरुद्ध प्रतिक्रिया म्हणून उभा राहतो. त्याचा प्रयत्न गंभीर आहे. परावलंबनाकडून स्वावलंबनाकडे आणि तेथून परस्परावलंबनाकडे असा जो क्रम तो मांडतो, त्यात स्वावलंबनाला अंतिम स्थान न देण्याचे धैर्य आहे. आत्मोन्नतिपर वाङ्मयात हे दुर्मीळ आहे. तरीही ग्रंथाची भाषा त्याच्या प्रतिज्ञेशी सुसंगत राहत नाही. माणसांतील विश्वासाचे स्पष्टीकरण करण्यासाठी कवी भावनिक बँकखात्याचे रूपक योजतो : सौजन्याने आणि वचनपालनाने खात्यात भरणा होतो, उद्धटपणाने रक्कम काढली जाते. तंत्राऐवजी तत्त्व, असा ज्याचा आग्रह आहे, त्या ग्रंथाने मैत्रीसाठी वापरलेली ही प्रतिमा खतावणीचीच आहे. रूपक हे येथे अलंकरण नाही. ज्याच्याशी आपले खाते आहे, तो आपल्याला प्रश्न विचारणारा सोबती राहत नाही. तो व्यवहारातील दुसरा पक्ष होतो.

या संदर्भात दोन बाह्य तपशील बोलके आहेत. पतनकाळाचा प्रतिनिधी ठरावा असा कार्नेगीचा ग्रंथ आणि पुनरुद्धाराचा हा ग्रंथ, दोन्ही सायमन अँड शुस्टर या एकाच प्रकाशनसंस्थेने काढले. आणि कवी यांची संस्था १९९७ मध्ये ज्या कंपनीत विलीन झाली, ती फ्रँकलिन यांच्या नावाने दैनंदिन नियोजनाच्या वह्या विकत होती. आत्मपरीक्षणाची वही अखेर विक्रेय वस्तू झाली. याचा अर्थ हे ग्रंथ खोटे आहेत असा नव्हे. ज्या दोन मार्गांना परस्परविरोधी म्हटले जाते, ते एकाच दुकानाची दोन दारे आहेत, एवढाच आहे.

७

मराठी वाचकाच्या दृष्टीने येथे शब्दांचा विचार उपयुक्त ठरेल. कार्नेगी आणि कवी या दोघांचेही ग्रंथ मराठी अनुवादातून उपलब्ध आहेत आणि दुकानांत ते 'व्यक्तिमत्त्व विकास' या एकाच पाटीखाली मांडले जातात. चारित्र्याचा पुरस्कार करणारा ग्रंथ व्यक्तिमत्त्वाच्या नावाने विकला जातो, यात वर्गीकरणाची चूक नसून त्या भेदाचा ठिसूळपणा आहे. उलट 'स्वावलंबन' या शब्दाला मराठीत एक वेगळी सामाजिक छटा आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने स्वावलंबी शिक्षण हे आपले ब्रीद मानले. वसतिगृहात निरनिराळ्या जातींच्या मुलांनी एकत्र राहून, श्रम करून, शिकायचे, असा त्याचा अर्थ होता. येथे लीड्सच्या प्रभावाचा दावा करायचा नाही. मुद्दा असा की, जो 'स्व' इंग्रजी ग्रंथात एकवचनी होत गेला, तो मराठीतील या शब्दप्रयोगात अनेकवचनी राहिला.

संबोधनाच्या अंगानेही एक तुलना सुचते. समर्थ रामदासांचे 'मनाचे श्लोक' ही २०५ श्लोकांची रचनाही उपदेशपरच आहे; परंतु तिच्यातील संबोधन मनाला आहे. म्हणणारा प्रत्येक जण एकाच वेळी उपदेशक आणि उपदेश्य होतो, आणि ही रचना परंपरेने एकत्र म्हटली गेली आहे. कार्नेगीच्या ग्रंथातील 'तुम्ही' मात्र एकट्याने वाचणारा असतो आणि सांगणारा सदैव पलीकडे राहतो. स्माइल्स यांचा वाचक तृतीयपुरुषी चरित्रांचा प्रेक्षक असतो. उपदेशपर संहितेचा वाचक कोठे उभा केला आहे, हा प्रश्न तिच्यातील उपदेशाच्या आशयाइतकाच निर्णायक आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. दोन विरोधी ग्रंथांतून निवड कशी करावी? कोणता अधिक खोल, ही कसोटी वर पाहिल्याप्रमाणे भरवशाची नाही. तिच्याऐवजी प्रत्येक ग्रंथाला दोन प्रश्न विचारावेत. या ग्रंथात माझी परीक्षा कोण घेतो : वस्तू, दुसरा माणूस, की मी स्वतः? आणि मी अपयशी ठरलो तर त्याचे कारण शोधायला हा ग्रंथ मला कोठे पाठवतो?

पहिल्या प्रश्नाने कामाच्या स्वरूपाप्रमाणे निवड करता येते. जो प्रयोगशाळेत किंवा हस्तलिखितांच्या संग्रहात काम करतो, त्याच्यासाठी पालिसीची भट्टी अधिक अर्थपूर्ण ठरेल. ज्याचे काम माणसांत आहे, त्याला कार्नेगीपासून शिकण्यात कमीपणा नाही. दुसऱ्या प्रश्नाला मात्र तिन्ही ग्रंथांचे उत्तर सारखेच निघते. ते वाचकाला पुन्हा त्याच्याकडेच पाठवतात. एकट्या वाचकापाशी अपयशाची दोनच स्पष्टीकरणे असतात : मी कमी पडलो, किंवा पुस्तक खोटे आहे. पहिल्यातून अपराधभाव येतो, दुसऱ्यातून पुढचे पुस्तक विकत घेतले जाते. तिसरे स्पष्टीकरण दालनात आणखी माणसे बसलेली असतील तरच सुचते. शेजारचाही तसाच प्रामाणिकपणे झटला आणि तोही तेथेच अडला, हे कळले की दोष आपल्या अंगी आहे की दोघांच्या परिस्थितीत, हा प्रश्न विचारता येतो. मंडळ विरल्याने हरवले ते हे तिसरे स्पष्टीकरण. मंडळांतही दडपण असते, मोठेपणाचे आणि यशाचे सोंग असते, हे कार्नेगीच्या वर्गावरून दिसते. पण गर्वाचा रकाना राहून गेला आहे, हे सांगणारा मित्रही मंडळातच भेटतो.

स्पर्धापरीक्षांच्या, संशोधनवृत्तीच्या आणि नोकरीच्या प्रतीक्षेत असलेल्या आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या खोल्यांत ही पुस्तके आहेत, आणि ती तेथे असण्यात गैर काही नाही. समीक्षेने त्यांची थट्टा केल्याने वाचक त्यांच्यापासून दूर जाणार नाही. तो फक्त समीक्षेपासून दूर जाईल. त्याऐवजी या ग्रंथांच्या छापील पानांमागे कॉलऱ्याच्या रुग्णालयाचे ते भाड्याने घेतलेले दालन आहे, एवढे तरी त्याला दाखवून देता येईल. पुस्तक कोणतेही निवडावे. ते दोघा-तिघांनी मिळून वाचावे, आणि जेथे ते लागू पडले नाही ती जागाही एकमेकांना सांगावी.